एकोणीस एकांची रांग

बसप्पा मास्तर गेले हे मला कुणी सांगितलं नाही. सुट्टीचा दिवस होता, जेवण करून मी आडवा झालो होतो, आणि दारात नरसव्वा येऊन उभी राहिली. नरसव्वा म्हणजे आमच्या भवानी पेठेतली शेजारीण, मागावर लुगडी विणणाऱ्या घरातली. बोलायची घाई तिला कधीच नसते. त्या दुपारीही नव्हती. पदराने हात पुसत ती म्हणाली, "वामनराव, जरा चला की. मास्तरांच्या घरात पाढा चाललाय, पण खडूचा आवाज येईना." मी पायात वहाणा घातल्या आणि निघालो. माझ्या खोलीपासून मास्तरांचं दार ते काय लांब, मधे एक भिंत. तेवढ्यात मनात आलं की मास्तरांचा डोळा लागला असेल. आता लिहायला बसल्यावर वाटतं, आम्हा दोघांपैकी एकालाही खरा प्रश्न सुचला नाही. मास्तर झोपले असतील तर पाढा कोण म्हणत होतं? न सुचण्याचं कारण एवढंच, की आम्हाला सवय झाली होती. मास्तरांच्या पत्नी पार्वतीवहिनींना जाऊन तेव्हा काही वर्षं होऊन गेली होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत कसलाही आवाज नव्हता. मास्तर फळ्यासमोर भिंतीला पाठ टेकून बसले होते, ताठ, उजव्या हातात खडू, डोळे अर्धे मिटलेले. फळ्यावर नव्या भाजकाचा पाढा अर्धा लिहून झाला होता. शेवटच्या ओळीत दोनच आकडे होते... नरसव्वा उंबऱ्याबाहेरच थांबली आणि म्हणाली, "आत्ता गप झाली बगा."

ज्यांनी बसप्पा मास्तरांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ते मूळचे मैंदर्गीचे, लिंगायत, घरची बोली कानडी. सोलापुरात आमच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवतो. चित्रकलेच्या मास्तराला गणिताच्या मास्तराने विचारावं असा काही शाळेचा रिवाज नाही, पण आमची जोडी जमली. दोघेही तिखट खाणारे आणि हेडमास्तरांना कंटाळलेले, एवढं भांडवल पुरलं. दिसायला उंच, कपाळाला विभूती, बाह्यांना खडू. पांढरं कुठलं देवाचं आणि कुठलं शाळेचं, ते संध्याकाळपर्यंत एक होऊन जायचं. मी त्यांची थट्टा करायचो आणि ते मनापासून हसायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. पार्वतीवहिनी मंगळवेढ्याच्या, घरी ज्वारीचा व्यापार, बोली मराठी. म्हणजे नवरा मनातल्या मनात कानडी मोजणारा आणि बायको मोठ्याने मराठी मोजणारी.

हे मी उगाच सांगत नाही. मराठीत आपण त्रेसष्ट म्हणतो, म्हणजे आधी तीन आणि मग साठ. कानडीत अरवत्त मूरु म्हणतात, आधी साठ आणि मग तीन. मास्तरांना मराठी उत्तम येई, वर्गात तीस वर्षं मराठीतच शिकवलं. पण दुसऱ्याने मराठीतून भराभर आकडे सांगितले आणि त्यांनी ते उतरवून घेतले, की कुठेतरी एखादी जोडी उलटी पडायची. त्रेसष्ट ऐकलं की हात आधी तीन लिहून मोकळा. एकटे हिशेब करताना ही चूक त्यांच्याकडून कधीच झाली नाही. माझं याच्या उलट. परीक्षेच्या दिवसांत ते दमले की मुलांचे गुण कानडीतून वाचू लागायचे, मी पत्रकात लिहायचो. आधी ऐकू येईल ते उजवीकडे, ही माझी मराठी सवय. एकदा त्यांनी अरवत्त मूरु म्हटलं आणि मी छत्तीस लिहून ठेवलं. मुलाचा बाप शाळेत आला, हेडमास्तर आम्हाला बोल बोल बोलले, आणि बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "वामनराव, आपल्या दोघांची मिळून एक सरळ भाषा हाय."

त्यांचा तो आकडा वर्गातच सुरू झाला. मूळ संख्या शिकवत होते. जी संख्या स्वतःखेरीज आणि एकाखेरीज कशानेच निःशेष भागली जात नाही ती मूळ. पोरांना गंमत वाटावी म्हणून त्यांनी फळ्यावर नुसते एक लिहायला घेतले. दोन एक म्हणजे अकरा, ती मूळ. तीन एकांना सदतीस लागतो, म्हणजे सदतिसाने ते निःशेष भागले जातात. सहा एक घेतले तर त्या तीन-तीनच्या दोन जुड्या, म्हणजे त्यांना एकशे अकरा लागणारच. जुड्या पडतात तो आकडा आपोआप फुटतो. ज्यात जुड्या पडत नाहीत तिथेच खरा प्रश्न. पाच एकांना एक्केचाळीस लागतो, सात एकांना दोनशे एकोणचाळीस, तेरा एकांना त्रेपन्न. सतरा एकांचा आकडाही परदेशात कुणीतरी फोडला होता असं त्यांना एका जुन्या पुस्तकात सापडलं. एकोणीस एकांबद्दल त्या पुस्तकात एक अक्षर नव्हतं. "काय करील, फुटेल की," ते मला म्हणाले, आणि शाळेतला एक टाकून दिलेला फळा हातगाडीवर घालून घरी घेऊन गेले.

त्यानंतर त्यांच्या घरात जे काम चाललं तसं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. मास्तर फळ्यावर वरच्या अंगाला एकोणीस एक लिहायचे. त्याखाली भाजक. भाजक कुठलाही घेऊन चालत नसे. या आकड्याला लागणारी संख्या असलीच तर तिला अडतिसाने भागून बाकी एकच उरली पाहिजे, असं त्यांनी कागदावर मांडून मला दोनदा समजावलं होतं. मला दोन्ही वेळा समजल्यासारखं वाटलं. भाजक ठरला की पार्वतीवहिनी पाढा धरायच्या. चुलीजवळ बसून, भाकरी थापता थापता, एके, दुणे, त्रिक करत नव्वेपर्यंत. चार-पाच आकडी संख्येची पट तोंडी करायची म्हणजे पोरखेळ नव्हे, पण माहेरी पायलीच्या हिशेबात कान तयार झालेला. त्या सांगत, मास्तर फळ्याच्या उजव्या बाजूला उतरवून घेत, आणि मग तो पाढा समोर ठेवून भागाकार चाले. मधेच वहिनी मान वर करून बघत आणि म्हणत, "उलटं लिवलंय की तुमी." मास्तर म्हणत, "व्हय की," आणि बोटाने पुसून जोडी सुलटी करत. शेवटी बाकी उरायची. रोज काही ना काही बाकी उरायची. मास्तर ती ओळ पुसायचे आणि वहिनी म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या, उंद्या दुसरं बगू." मी पलीकडे चित्र काढत बसलेलो असे. भिंतीतून येणाऱ्या त्या पाढ्याच्या तालावर माझा कुंचला चालायचा, हे मला पुष्कळ पुढे कळलं.

वहिनी तापाने गेल्या. फार दिवस पडून नव्हत्या. मास्तरांनी फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि शाळेतून येऊन दारात बसू लागले. बोलायचे, चहा प्यायचे, गणिताचं नाव काढायचे नाहीत. मला वाटलं, सुटले त्या आकड्यातून. मग उन्हाळ्यात एका दुपारी, गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर पेठ जशी एकदम गप्प होते तशी झाली असताना, भिंतीतून पाढा आला. एके... दुणे... त्रिक... ताल तोच. चौकाशी जरासं थांबायची वहिनींची लकब होती, तीही तीच. खडू वाजत होता. मी हातातला कुंचला पाण्यात सोडला आणि बसून राहिलो. मला भीती वाटली, हे लिहायला लाज कसली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, नरसव्वाचा माग चालू होता, आणि माझ्या दंडावर काटा उभा होता.

मी उठून त्यांच्या दारात गेलो. पाढा थांबला. मास्तर एकटेच फळ्याकडे तोंड करून उभे. मी विचारलं, "मास्तर, कोण म्हणत होतं?" ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी वहिनी गेल्यापासून पाहिला नव्हता. "तुमाला बी ऐकू आलं?" ते म्हणाले. मी शिकलेला माणूस, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माणूस वर्षानुवर्षं एक आवाज ऐकतो आणि तो गेला की नकळत स्वतःच त्या आवाजात बोलू लागतो, अशी मी माझी समजूत घातली आणि ती घट्ट धरून ठेवली. नरसव्वाला असली काही समजूत लागली नाही. ती मला म्हणाली, "बाई हाय की आत. काम ऱ्हायलंय ना तिचं."

त्यानंतर पाढा दुपारी चालू राहिला. मास्तरांची तब्येत सुधारली, सदऱ्याची बटणं जागच्या जागी आली. मात्र एक गोष्ट नवी होती. पूर्वी ते आकडा फुटावा म्हणून भागत होते. आता भागाकार शेवटाला आला की त्यांचा हात जड व्हायचा. एकदा मी तिथे असताना शेवटची वजाबाकी त्यांनी अर्ध्यावर सोडली, कपाळाचा घाम पुसला, मग पुरी केली. बाकी उरली. ते खाली बसले आणि मला म्हणाले, "वाचलो." कशातून वाचलात, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "आकडा फुटला तर तिचं हितं काय काम हाय, वामनराव?"

आणि एके दिवशी शून्य आलं.

ते शाळेत आले नाहीत म्हणून मी संध्याकाळच्या आत त्यांच्याकडे गेलो. मास्तर फळ्याकडे पाठ करून बसले होते. फळ्यावर पाच आकडी भाजक, लांबलचक भागाकार आणि तळाशी एक शून्य. बाजूला नवाच्या ताळ्याची फुली. नवाचा ताळा म्हणजे आकड्यांची बेरीज करून नऊ नऊ टाकत जायचं आणि उरलेलं जुळतं का बघायचं. हा ताळा मास्तरांनी हजारो पोरांना शिकवला होता आणि त्याच्यावर त्यांची देवासारखी श्रद्धा होती. फुली एकदा काढलेली होती, पुन्हा काढलेली होती. दोन्ही वेळा ताळा जुळला होता. "शून्य आलं," ते म्हणाले. "आता ती कशाला येईल?"

ती आली नाही. त्या आठवड्यात भिंत मुकी होती. नरसव्वाने मला विहिरीवर गाठून विचारलं, "बाई गेली काय हो?" मास्तर शाळेत यायचे, शिकवायचे, घरी येऊन फळ्याकडे पाठ करून बसायचे. फळा पुसायचेही नाहीत. जेवण नरसव्वा ठेवून जायची, ते तसंच असायचं. मी म्हटलं, जगात कुणाला न फुटलेला आकडा तुम्ही फोडला, पुण्याच्या कॉलेजात कळवू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोललो नाही. हा माणूस आता फार दिवस काढत नाही, असं मला स्पष्ट वाटू लागलं होतं.

पुढच्या सुट्टीला मी त्यांच्यापुढे नुसता बसून होतो. बोलायला काही उरलं नव्हतं म्हणून फळ्याकडे बघत होतो, चित्राकडे बघावं तसं. उजवीकडे पाढ्याच्या नऊ ओळी. भाजकाच्या शेवटी शून्य आणि सात. एकेच्या शेवटी सात, दुणेच्या शेवटी चौदा, त्रिकाच्या शेवटी एकवीस... आणि अठ्ठेच्या शेवटी पासष्ट. मी पुन्हा पाहिलं. सात अठ्ठे छप्पन्न. शेवटी सहा पाहिजे, तिथे पाच होता. एवढं गणित मलाही येतं. "मास्तर," मी म्हटलं, "हे छप्पन्न उलटं लिहिलंय तुम्ही."

ते वळले. आठवड्यात पहिल्यांदा फळ्याकडे वळले. जवळ गेले, त्या जोडीवर बोट ठेवलं. उलट्या जोडीने आकड्यांची बेरीज बदलत नाही, म्हणून नवाच्या ताळ्याला ती दिसतच नाही, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. ते मला म्हणाले, "शून्य खोटं हाय." मग तिथेच उभे राहिले. मला वाटलं आता पुसतील आणि नव्याने मांडतील. पण ते फळ्याशी न बोलता माझ्याशी बोलल्यासारखे, अगदी हळू म्हणाले, "मी एकटा असलो की कानडीत मोजतो. एकटा असल्यावर माझ्या हातनं ही चूक होत न्हाय. तुमाला ठाऊक हाय."

मला ठाऊक होतं. माझी ती घट्ट धरलेली समजूत त्या क्षणी हातातून गेली. ते स्वतःशीच वहिनींच्या आवाजात बोलत असते तर आकडा त्यांच्याच मनातून आला असता, आणि मनात त्यांच्या ऐवत्तारु होतं. पन्नास आधी, सहा मागून. तो सरळच उतरला असता. ही चूक ऐकणाऱ्याची होती. कुणीतरी मराठीतून छप्पन्न म्हटलं होतं आणि मास्तरांनी ते लिहून घेतलं होतं... मास्तर हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ती बगायला उठली न्हाय वाटतं त्या दिवशी," ते म्हणाले. "भाकरी करत आसंल." त्या दिवशी ते पोटभर जेवले. दुसऱ्या दुपारी पाढा पुन्हा सुरू झाला आणि मी माझ्या खोलीत बसून, खरं सांगतो, देवाचे आभार मानले.

त्यानंतर थोडेच दिवस गेले आणि नरसव्वा माझ्या दारात आली, ते वर सांगितलंच आहे. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे मास्तरांना बसवूनच पुरलं. बोटांवरचा खडू कुणी धुतला नाही, मीच नको म्हटलं.

पुढे पुण्याहून गणिताचे एक प्राध्यापक सोलापुरात आले होते. मास्तरांचे जुने विद्यार्थी. ते भेटायला आले तेव्हा मी त्यांना एकोणीस एकांबद्दल विचारलं. ते म्हणाले, हा प्रश्न केव्हाच सुटला आहे. तो आकडा मूळ आहे, परदेशात एकाने ते सिद्ध करून दाखवलं, त्यावर कुणीही सव्वा मण खडू झिजवला तरी त्याची बाकी शून्य येणार नाही. "सरांना हे आधी कळतं तर त्यांचे एवढे कष्ट वाचले असते," असं ते हळहळून बोलले. मी मान हलवली. मला मात्र फार बरं वाटलं. मास्तर ज्या शून्याला घाबरून घाम पुसायचे ते त्या आकड्यात नव्हतंच. आणखी शंभर वर्षं जगले असते तरी वहिनींना रोज काम होतं.

मास्तरांचा भाऊ मैंदर्गीहून आला, त्याने भांडीकुंडी नेली. फळ्याचं त्याला काही नव्हतं, म्हणून फळा माझ्याकडे आला. माझ्या खोलीत त्याच भिंतीला, फक्त अलीकडच्या बाजूने, तो टेकवून ठेवला आहे. वरची एकोणीस एकांची रांग मी पुसली नाही. खालचा अर्धा पाढा बरेच दिवस तसाच होता. मग एका दुपारी मास्तरांची फार आठवण आली. येते, सांगून येत नाही. हाताला काहीतरी हवं म्हणून मी तो पाढा पुसला, पुढचा भाजक घेतला आणि जमेल तसा भागू लागलो. बाकी उरणार हे ठाऊक असूनही. गेले काही दिवस हा माझा दुपारचा उद्योग आहे. नरसव्वा येता-जाता डोकावते आणि काही बोलत नाही. भिंतीतून आता काही ऐकू येत नाही. मलाही काही ऐकू येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी जन्माचा मराठी माणूस. एकटा मोजताना मराठीतच मोजतो, आणि मराठीत मोजताना माझ्या हातून जोडी उलटी पडल्याचं मला आठवत नाही. काल हा लेख पुरवणीसाठी लिहायला बसण्याआधी मी फळ्यावर सत्तेपर्यंत पाढा मांडला होता. लेख लिहून झाल्यावर फळ्यावरून एकवार नजर फिरवली. सत्तेच्या ओळीत शेवटी त्रेसष्ट हवे होते. माझ्या अक्षरात तिथे छत्तीस होते, पूर्वी त्या गुणांच्या पत्रकात पडले होते तसेच.

मी ते बोटाने पुसून सुलटं केलं. मग खडू हातात धरून, पुढची पट ऐकायला थांबलो.